पहिली लॅप स्टील गिटार: फळीपासून सुरापर्यंत

हवाईयन गिटार, म्हणजेच लॅप स्टील, मांडीवर आडवी ठेवून वाजवतात. बोटांनी तार दाबायची नसते, डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची असते. घडवणाऱ्याला यात मोठी सवलत मिळते: मान गोल तासायची नाही, पडदे ठोकायचे नाहीत, मानेत लोखंडी सळई बसवायची नाही. रंधा, करवत, पटाशी आणि ड्रिल नीट चालवता येत असेल तर पहिलं तंतुवाद्य म्हणून हेच घ्यावं.

मात्र कांडी सरळ आणि कडक असते. साध्या गिटारवर एखादी तार जराशी खोल बसली तरी बोट सांभाळून घेतं, कांडी घेत नाही. सहा तारांचे माथे एका पातळीत नसतील तर खोल बसलेली तार फरफरते आणि ते पहिल्याच सुरात ऐकू येतं. त्यामुळे इथे वेळ घालवायचा तो नट (तारा डोक्याकडे जिथे टेकतात तो आधार), ब्रिज (दुसऱ्या टोकाचा तसाच आधार) आणि मोजमापावर. लाकडाच्या रंगरूपावर पहिल्या खेपेला फार जीव टाकू नये.

कोणता प्रकार घ्यायचा

कांडीने वाजवायच्या या पद्धतीचं श्रेय हवाईतल्या ओआहू बेटावरच्या जोसेफ केकुकू याला दिलं जातं. काळ एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाचा. पुढे १९२०च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये हर्मन वाइसेनबॉर्नने कोआ लाकडाच्या, मानेपर्यंत पोकळ असलेल्या गिटारी बनवल्या. आवाज सुंदर, पण त्यासाठी पातळ फळ्या वाफेवर वाकवाव्या लागतात आणि वरचा तक्ता अडीच-तीन मिलिमीटरपर्यंत उतरवावा लागतो. नवख्याने तिकडे जाऊ नये. १९३२मध्ये रिकनबॅकरची 'फ्राइंग पॅन' ही गिटार बाजारात आली. ती ओतीव ॲल्युमिनियमची, विजेवर चालणारी आणि भरीव होती. तिचा एक दोष शिकण्यासारखा आहे: स्टेजवरच्या दिव्यांखाली धातू तापून प्रसरण पावायचा आणि सूर हलायचा.

आपण घडवणार आहोत ती भरीव लाकडाची, सहा तारांची, विजेवरची गिटार. नटपासून ब्रिजपर्यंतची तार २२.५ इंच, म्हणजे ५७१.५ मिमी. हेच माप जुन्या अमेरिकन लॅप स्टीलमध्ये भरपूर वापरलं गेलं. हिंदी चित्रपटगीतांच्या धुना हवाईयन गिटारवर ऐकत वाढलेल्यांना हवा असलेला लांब, घसरता सूर यातून सहज निघतो.

लाकूड

कोआ हे हवाई बेटांबाहेर निसर्गतः न उगवणारं झाड आहे. ते अकेशिया कुळातलं. कोकणात आणि गोव्यात रस्त्याकडेला लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ त्याच कुळातली आहे, आणि तिचं नीट वाळलेलं लाकूड या कामाला चालतं. वखारीत सहज मिळणारं म्हणाल तर सागवान आणि महोगनी. आंबा स्वस्त आणि हलका असतो, पण त्याला कीड लवकर लागते. घ्यायचाच तर प्रक्रिया केलेला घ्या. शिसवी देखणी खरी, पण भरीव वाद्याला फार जड होते. मांडीवर तासभर ठेवायचं वाद्य तीन किलोच्या आत राहिलेलं बरं.

लाकूड लागतं ते असं: मधली पट्टी ८२० × ७५ × ४० मिमी, तिच्या दोन्ही बाजूंना चिकटवायचे दोन पंख प्रत्येकी ३५० × ५५ × ४० मिमी, आणि रेघांच्या पट्टीसाठी (पडद्यांऐवजी कांडीची जागा दाखवणाऱ्या रेघा हिच्यावर येतात) ४४० × ६५ × ५ मिमी. वाया जाणारं धरून पाव घनफूट पुरतं. मधल्या पट्टीचे रेषे टोकापासून टोकापर्यंत सरळ हवेत, गाठ नको, कडेचा पांढरा भाग नको. पंखात एखादी गाठ चालेल.

वाळलेलं आहे हे दुकानदाराच्या शब्दावर सोडू नका. फळ्या मापापेक्षा ५ मिमी मोठ्या कापून घरात हवेशीर जागी उभ्या ठेवा आणि दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. लागोपाठ तीन वेळा वजन तेच आलं की काम सुरू करा. ओल्या फळीची गिटार तयार झाल्यावर पिळते, आणि पिळलेल्या फळीवर नट-ब्रिज समांतर राहणं अशक्य आहे.

बाकी सामान

- मशीनच्या खुंट्या, तीन डाव्या आणि तीन उजव्या
- ॲल्युमिनियमचा एल अँगल, २५ × २५ × ३ मिमी, एक फूट (यातूनच नट आणि ब्रिज होतात)
- हमबकर पिकअप (तारांच्या कंपनाचा विजेचा संकेत करणारं, दोन वेटोळ्यांचं चुंबकीय साधन), पहिल्या ते सहाव्या खांबाचं एकूण अंतर ५२ मिमी
- ५०० किलोओहमचे दोन पॉट (व्हॉल्यूम आणि टोनच्या बटणांखालचे फिरते रोधक), ०.०२२ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर, पाव इंची जॅक आणि त्याची पट्टी
- तांब्याची चिकट पट्टी, वायर, सोल्डर
- तारा मागून ओवायला सहा फेरूल (भोकात बसणाऱ्या धातूच्या छोट्या टोप्या)
- सुट्या तारा (जाडी इंचात): ०.०१५, ०.०१८, ०.०२२ साध्या, ०.०२६, ०.०३०, ०.०३६ गुंडाळलेल्या

तारा सुट्याच घ्या. दुकानात मिळणाऱ्या साध्या इलेक्ट्रिक गिटारच्या संचात पहिली तार सहसा ०.००९ किंवा ०.०१० इंचाची असते. एवढ्या कमी लांबीवर ती सैल पडते आणि कांडीच्या वजनाने दबून बेसूर होते. वर दिलेल्या जाड्यांवर प्रत्येक तारेचा ताण १० ते १३ किलोच्या आसपास राहतो, सहांचा मिळून साधारण ७० किलो. चाळीस मिलिमीटर जाड लाकूड हा ताण आरामात पेलतं.

पिकअप पहिल्या वेळी विकतच आणा. केसाएवढ्या तारेचे हजारो वेढे घालणं ही स्वतंत्र कला आहे, आणि दोन्ही गोष्टी एकदम शिकायला घेतल्या तर आवाज बिघडल्यावर चूक लाकूडकामात आहे की वेढ्यांत, ते कळत नाही.

काम: चौकोनी असेपर्यंत सगळं मोजून घ्या

आकार कापायची घाई सगळ्यांनाच होते. पण कडा सरळ असेपर्यंतच गुण्या लावता येतो. खाचा, भोकं, मधली रेघ हे सगळं आधी करा, वळणं शेवटी.

१. मधल्या पट्टीचे चारही पृष्ठभाग रंधून काटकोनात आणा. वरच्या पृष्ठभागावर लांबीभर बरोबर मध्ये रेघ मारा. डोक्याकडच्या टोकापासून १४० मिमीवर नटची आडवी रेघ, तिथून ५७१.५ मिमीवर ब्रिजची. दोन्ही गुण्याने आणि एकाच कडेवरून मारा. वेगवेगळ्या कडा धरल्या तर त्या कडांमधला फरक रेघांत उतरतो. ब्रिज एका बाजूला १ मिमी जरी तिरका बसला तरी चोविसाव्या रेघेवर पहिल्या आणि सहाव्या तारेत नऊ सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) फरक पडतो, आणि कांडी सरळ असल्यामुळे वादक तो दुरुस्त करू शकत नाही.

२. नटच्या रेघेपलीकडे २५ मिमी जागा नट म्हणून बसवायच्या अँगलच्या आडव्या पायासाठी सोडा. त्यापुढचं डोकं वरून १२ मिमी आणि खालून १२ मिमी उतरवा, म्हणजे १६ मिमी उरतं. खुंट्यांना तेवढी जाडी लागते. पायरीचा आतला कोपरा कधीही टोकदार ठेवू नका. अर्धगोल कानशीने किमान ६ मिमी त्रिज्येचा करा. चीर पडते ती नेहमी तिथूनच.

३. खुंट्यांची भोकं पाडा. मोजपट्टीवर विसंबू नका, हातातल्या खुंटीची बुश (भोकात बसणारी नळी) कॅलिपरने मोजा. १० मिमीची सर्रास मिळते. नटपासून पहिली जोडी ४० मिमीवर, पुढच्या जोड्या ३७ मिमीच्या अंतराने. खाली टाकाऊ फळी दाबून धरली नाही तर ड्रिल बाहेर पडताना लाकडाची ढलपी उडते.

४. पिकअपची खाच. तिचा मध्य ब्रिजच्या रेघेपासून ५० मिमीवर. आणखी जवळ नेलं तर आवाज कर्कश होतो आणि ब्रिजच्या पायाला जागाही उरत नाही. दूर नेलं तर गोल, पण बोथट होतो. खोली २० मिमी. राउटर एका फेरीत ५ मिमीपेक्षा खोल घालू नका. राउटर नसेल तर फोर्स्टनर बिटने ओळीने भोकं पाडून पटाशीने साफ करा. पिकअपच्या चौकटीखाली सगळं झाकलं जातं.

५. पंख चिकटवण्याआधी ज्या बाजूला बटणं येणार त्या पंखाच्या सांध्याच्या कडेत ८ × ८ मिमीची वायरीची खाच करून ठेवा. हे विसरलं तर नंतर लांब बिटने आंधळेपणाने तिरकं भोक पाडावं लागतं. वादकाच्या पोटाशी सहावी, जाड तार येते आणि पहिली तार दूर. उजव्या हाताची बोटं पलीकडे रोखलेली असतात, म्हणून व्हॉल्यूमचं बटण पहिल्या तारेच्या बाजूला, करंगळी पोहोचेल असं ठेवतात. हवाईयन वादनात सूर फुलवण्यासाठी करंगळीने ते बटण सतत फिरवलं जातं. पुठ्ठ्याचा साचा मांडीवर ठेवून जागा ठरवा आणि मगच भोक पाडा.

६. पंख चिकटवणं. सांध्याच्या दोन्ही कडा रंधून एकमेकींवर उभ्या ठेवा आणि मागे दिवा धरा. उजेड दिसतोय तोवर रंधा चालू ठेवा, फटीत फेविकॉल भरून सांधा होत नाही. सागवान तेलकट असल्याने चिकटवण्याच्या पाच मिनिटं आधी कडा थिनरने पुसा. प्रत्येक बाजूला तीन शिकंजे पुरेत. कडेने बारीक थेंबांची ओळ आली की थांबा. आणखी आवळलं तर सगळा गोंद बाहेर जातो. चोवीस तासांनी शिकंजे सोडता येतात, पण सांध्यावर रंधा दोन-तीन दिवस मारू नका. गोंदातल्या पाण्याने लाकूड फुगलेलं असतं. ते फुगलेलंच रंधलं तर सुकल्यावर सांध्याच्या जागी बारीक चर दिसतो.

७. बटणांची पोकळी मागून कोरा: १०० × ३८ मिमी, आणि वर ६ मिमी लाकूड राखून. पॉटची आटे असलेली नळी किती लांब आहे ते आधी मोजा, नाहीतर पॉट आवळायचा नट चढायला आटे उरत नाहीत. पॉटचं भोक लहान प्रकाराला ७ मिमी, मोठ्याला ९.५ मिमी.

८. आता आकार कापा. पंख साधारण चौदाव्या रेघेपासून सुरू होतात, त्याआधी मान ६५ मिमी रुंद ठेवा. खालची बाजू पूर्ण सपाट हवी, कडा फक्त बोटभर गोल करा. पाठ गोलसर केली की गिटार मांडीवर डुलते.

रेघांची पट्टी

इथे पडदे नाहीत, फक्त दिशादर्शक रेघा आहेत. तार दाबली जात नाही, त्यामुळे ती ताणली जाऊन सूर चढण्याचा प्रश्न नाही. साध्या गिटारसारखं ब्रिजवर तारेगणिक मागेपुढे करावं लागत नाही आणि रेघा गणिताने येतात तिथेच मारायच्या. नटपासूनची अंतरं मिमीमध्ये:

१ – ३२.१, २ – ६२.४, ३ – ९०.९, ४ – ११७.९, ५ – १४३.४, ६ – १६७.४, ७ – १९०.१, ८ – २११.५, ९ – २३१.७, १० – २५०.८, ११ – २६८.८, १२ – २८५.८

तेराव्यापासून पुढे: १२व्या रेघेचं अंतर अधिक बारा रेघा मागच्या रेघेच्या अंतराचं अर्ध. म्हणजे तेरावी २८५.८ + १६ = ३०१.८. चोविसावी ४२८.६वर येते.

प्रत्येक अंतर नटपासूनच मोजा. एका रेघेपासून पुढची मोजत गेलं आणि दर वेळी ०.३ मिमीची चूक झाली, तर बाराव्या रेघेपर्यंत ती साडेतीन मिमीच्या वर जाते, म्हणजे सुमारे बावीस सेंट. सूर कानानेच लावायचा असला तरी नवशिक्याची नजर रेघेवर असते आणि तो कायम बेसूर वाजवत राहतो.

पट्टी गडद लाकडाची असेल तर बारीक दातांच्या करवतीने १.५ मिमी खोल चिरा पाडा, त्यांत फिक्या लाकडाची पातळ पापुद्र्यासारखी पट्टी सुपरग्लूने बसवा आणि सपाट घासा. रंगाने रेघ मारणंही चालतं, पण कांडी कधी ना कधी खाली पडते आणि रंग टवके उडून जातो. ३, ५, ७, ९, १२ या घरांवर ठिपके द्या. इथे एक फरक लक्षात ठेवा: कांडी रेघेच्या बरोबर वर ठेवायची असते, म्हणून ठिपकाही दोन रेघांच्या मध्ये देण्यापेक्षा रेघेवर दिला की गोंधळ होत नाही.

नट आणि ब्रिज

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

अँगलचे दोन तुकडे कापा, प्रत्येकी ७० मिमी. उभी बाजू कानसून बुडापासून १५ मिमी उंचीची करा. दोन्ही तुकडे शिकंज्यात एकत्र धरून एकदमच कानसा, म्हणजे उंची आपोआप सारखी येते. रेघांची पट्टी ५ मिमी जाड असल्याने तारा तिच्यावर १० मिमी उंच राहतात. यापेक्षा कमी उंचीवर कांडी लाकडाला आपटते.

नटचा पाय डोक्याकडे, ब्रिजचा पाय पिकअपकडे. ब्रिजमागे तारा तीव्र कोनात खाली उतरतात आणि त्याला पुढे झुकवू पाहतात. पाय पुढे असला की तो टेकू देतो. प्रत्येकाला ८ नंबरचे तीन स्क्रू, आधी बारीक भोक पाडून आणि स्क्रूला मेण किंवा साबण लावून. सागवानात कोरडा स्क्रू पिळला की डोकं तुटून हातात येतं. ब्रिजमागे २० मिमीवर तारा ओवायची भोकं आरपार पाडा, ३ मिमीची. मागून फेरूल बसवा.

तारांमधलं अंतर नटवर ९ मिमी, ब्रिजवर १०.५ मिमी. आता खाचा. कांडी तारांच्या माथ्यावर टेकते, बुडाला नव्हे. पहिली तार ०.३८ मिमी जाड, सहावी ०.९१ मिमी. सगळ्या खाचा एकाच खोलीच्या केल्या तर सहावी तार अर्ध्या मिलिमीटरने वर येईल आणि कांडी मधल्या तारांना स्पर्शही करणार नाही. म्हणून खोली अशी ठेवा, पहिल्यापासून सहावीपर्यंत: ०.२०, ०.२८, ०.३८, ०.४८, ०.५८, ०.७३ मिमी. कानशीने एवढं अचूक एकदम जमत नाही. थोडं कमी ठेवा, तारा चढवा, सरळ पोलादी पट्टी तारांवर आडवी ठेवून उजेडाकडे बघा आणि जी तार वर राहते तिचीच खाच उतरवा. हेच ब्रिजवरही करा.

खाचेचा सर्वांत उंच बिंदू तार जिथून वाजायला लागते त्या कडेवर हवा: नटवर पिकअपकडची कड, ब्रिजवर नटकडची. उलट झालं तर तार खाचेतच थरथरते आणि सतारीच्या जवारीसारखी झणझण येते. ती सतारीत हवी असते, इथे नको. धारदार कडा ६०० नंबरच्या पेपरने मारून घ्या, नाहीतर साधी तार तिथेच तुटत राहील.

पॉलिश आणि वायरिंग

८०, १२०, १८०, २४० आणि शेवटी ३२० नंबरचा पेपर, रेषांच्या दिशेने. चपडा लाख एक लिटर स्पिरिटमध्ये २५० ग्रॅम विरघळवून कापडाच्या बोळ्याने सहा-सात पातळ हात द्या. पावसाळी दमट हवेत लाखेवर पांढुरकी झाक येते. तेव्हा कोरड्या दिवसापर्यंत थांबा किंवा मेलामाइन वापरा.

वायरिंग करण्याआधी दोन्ही पोकळ्यांना आतून तांब्याची पट्टी लावा आणि ती पट्टी अर्थला जोडा. पिकअपची गरम वायर व्हॉल्यूम पॉटच्या एका कडेच्या पायाला, मधला पाय जॅकच्या टोकाला, दुसऱ्या कडेचा पाय पॉटच्या पाठीवर अर्थला. पिकअप जोडलेल्या पायावरूनच एक वायर टोन पॉटच्या मधल्या पायाला, आणि टोनच्या कडेच्या पायातून कपॅसिटरमार्गे अर्थला. बटण उलटं चालतंय असं वाटलं तर व्हॉल्यूमच्या कडेच्या दोन पायांची अदलाबदल करा; टोन उलटा असेल तर कपॅसिटर दुसऱ्या कडेच्या पायावर न्या. आणखी एक वायर ब्रिजखाली दाबून अर्थला आणा. ती नसेल तर गुणगुण येते आणि तारांना हात लावूनही ती कमी होत नाही.

तारा शरीरापासून १५ मिमी उंच आहेत, म्हणून पिकअपही वर उचलावा लागतो. ७-८ मिमी जाड लाकडाची चौकट करून त्यावर स्प्रिंगसह बसवा. तारेपासून अंतर ३ ते ४ मिमी. त्याहून जवळ गेलं तर चुंबक जाड तारांना ओढतं आणि सूर टिकत नाही.

सूर लावणं आणि दोष शोधणं

सुरुवातीला हवाईयन सी सिक्स्थ लावा: सहाव्या तारेपासून पहिलीपर्यंत सी, ई, जी, ए, सी, ई. सी हा सा धरला तर सा ग प ध सां गं. तारा हळूहळू, सगळ्या मिळून चढवा. एकच पूर्ण ताणून मग दुसरी घेऊ नका. पहिले दोन-तीन दिवस सूर उतरत राहील, तारा आणि स्क्रू बसत असतात.

कांडी १९ मिमी व्यासाची, ७२ मिमी लांब, स्टेनलेस स्टीलची, साधारण १६० ग्रॅम. लेथवाल्याकडून कापून एक टोक गोल करून घेता येते, पण त्यावर आरशासारखी झिलई हवी. लेथच्या खुणा राहिल्या तर तारेवर खरखर ऐकू येते, आणि नवखा माणूस तो दोष पिकअपवर ढकलतो.

एकच तार फरफरत असेल तर तिची खाच खोल गेली आहे. खाचेत सुपरग्लू आणि ॲल्युमिनियमचा भुसा भरून पुन्हा कानसा. सगळ्याच तारा फरफरत असतील तर कांडीवर दाब कमी पडतोय किंवा तारा फार बारीक आहेत. बाराव्या रेघेवर सगळ्या तारा सारख्याच चढ्या येत असतील तर ब्रिज नटच्या जवळ बसला आहे, उतरत्या असतील तर दूर. स्क्रूची भोकं किंचित लांबट करून तो सरकवता येतो. खुंटी फिरवताना टक् असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारत असेल तर तार नटच्या खाचेत अडकते आहे. खाच जरा रुंद करा आणि पेन्सिलीचं शिसं घासा. पहिल्या पावसाळ्यात लाकूड थोडं फुगेल, तेव्हा एकदा पोलादी पट्टी पुन्हा तारांवर आडवी ठेवून पाहा आणि ब्रिजचे तिन्ही स्क्रू हाताने तपासा.